नऊ नोव्हेंबर : योगायोग किती, कार्यकारण किती?

मागील अंकात युरोपच्या इतिहासातील ९ नोव्हेंबर या एकाच तारखेचे दिनविशेष एका चौकटीत छापले होते. जागा कमी असल्यामुळे प्रत्येक नोंद एकेका ओळीत आटोपावी लागली, आणि त्या आटोपशीरपणामुळेच बहुधा नाशिक शहरातून, तसेच सिन्नर व देवळालीहून बरीच पत्रे आली. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. सारखे विषय एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : आपल्या चौकटीत १९१८, १९२३, १९३८ आणि १९८९ या चारही सालांतील जर्मनीच्या मोठ्या घटना ९ नोव्हेंबरच्याच दिल्या आहेत. सकाळी गोदाघाटावर फिरायला येणारे आमचे एक स्नेही ज्योतिषाचे जाणकार आहेत. ते म्हणतात की, असे आपोआप घडत नसते, त्या दिवशी काही विशेष ग्रहयोग असलाच पाहिजे. आपले काय मत आहे? (निवृत्त शिक्षक, पंचवटी)

उत्तर : गुरुजी, आपल्या स्नेह्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. यांतील काही घटना आपोआप घडल्या नाहीत. ग्रहयोगाचे म्हणाल, तर पंचांगच त्याच्या आड येते. १९२३ साली हा दिवस अमावास्येला लागून आला होता, तर १९३८ साली पौर्णिमा नुकतीच उलटली होती. तारीख एकच असली तरी आकाश एकसारखे नव्हते.

दुसरी गोष्ट अशी की, इतिहासाचे कपाट ३६६ खणांचे आहे, असे मानले तर हजारो वर्षांच्या घटना त्यांत भरल्यावर एकही खण रिकामा राहत नाही, आणि कोणताही खण उघडला तरी त्यात चार थोर माणसे व दोन राज्यक्रांत्या सापडतातच. याच तारखेला १८४८ साली फ्रँकफुर्टच्या संसदेचे सदस्य रोबेर्ट ब्लूम यांना, ते लोकप्रतिनिधी असतानाही, व्हिएन्नातील उठावात भाग घेतल्याबद्दल गोळ्या घालण्यात आल्या. याच तारखेला १९७० साली फ्रान्सचे द गॉल वारले. आणि आपल्याकडे १९६२ साली महर्षी धोंडो केशव कर्वे वयाची शंभरी ओलांडून निवर्तले. या तिघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

१९१८, १९२३ आणि १९३८ यांचा मात्र आहे. पहिल्या महायुद्धात पराभव समोर दिसत असताना ९ नोव्हेंबर १९१८ रोजी बर्लिनमध्ये क्रांती झाली, कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची, राजवट संपली आणि दोनच दिवसांनी युद्धविरामावर सही झाली. ज्यांना रणांगणावरचा पराभव पचला नाही, त्यांनी सगळा दोष या क्रांतीवर ढकलला, आणि 'नोव्हेंबरचे गुन्हेगार' ही शिवी जर्मन राजकारणात रूढ झाली. या क्रांतीला पाच वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे ८ नोव्हेंबर १९२३ रोजी, हिटलरने म्यूनिकमधील ब्यूर्गरब्रॉयकेलर या बिअरच्या मोठ्या सभागृहात चाललेली सभा बंदुकीच्या धाकाने ताब्यात घेतली. तो काळही लक्षात घ्यावा लागेल, कारण त्याच महिन्यात एका डॉलरचा भाव ४ लाख २० हजार कोटी मार्कपर्यंत गेला होता आणि आयुष्यभराच्या शिलकीत पावाची एक लादीही येईना, अशी मध्यमवर्गाची स्थिती होती. दुसऱ्या दिवशी सुमारे २,००० लोकांचा मोर्चा शहराच्या मध्यभागी पोहोचताच पोलिसांनी गोळीबार केला. त्या चकमकींत नाझींनी पुढे हुतात्मे म्हणून मिरवलेले १६ जण आणि ४ पोलीस ठार झाले. हिटलरवर राजद्रोहाचा खटला चालला, त्याला ५ वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबर १९२४ मध्ये तो सुटलाही.

सत्ता हाती आल्यावर नाझींनी या फसलेल्या बंडाचा वार्षिक सोहळा सुरू केला. ८ नोव्हेंबरच्या रात्री त्याच सभागृहात जुन्या साथीदारांपुढे हिटलरचे भाषण आणि ९ तारखेला त्याच रस्त्याने मिरवणूक, असा तो क्रम असे. १९३८ साली हा सोहळा चालू असतानाच पॅरिसहून बातमी आली. हेर्शेल ग्रिनश्पान या १७ वर्षांच्या ज्यू मुलाच्या आईवडिलांना जर्मनीने हजारो पोलिश ज्यूंसोबत सीमेवर नेऊन सोडले होते, आणि त्या संतापात ७ नोव्हेंबर रोजी त्याने पॅरिसच्या जर्मन वकिलातीतील एर्न्स्ट फॉम राथ या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या होत्या. तो अधिकारी ९ तारखेला दुपारी मरण पावला. संध्याकाळी म्यूनिकच्या जुन्या नगरभवनात पक्षाचे सगळे प्रांतिक पुढारी जेवणासाठी जमलेले होते. नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्स याने तेथेच चिथावणीचे भाषण केले आणि पुढाऱ्यांनी तेथूनच आपापल्या गावी दूरध्वनी लावले. त्या रात्री व दुसऱ्या दिवशी १,४०० हून अधिक ज्यू प्रार्थनास्थळांची जाळपोळ व नासधूस झाली, सुमारे ७,५०० दुकाने फोडली गेली आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना छळछावण्यांत डांबण्यात आले. मृतांचा सरकारी आकडा ९१ असला तरी खरा आकडा त्याहून पुष्कळ मोठा होता. वर नुकसानभरपाई म्हणून ज्यूंवरच १०० कोटी मार्कांचा दंड बसवण्यात आला. या रात्रीला 'स्फटिकरात्र' म्हणतात, पण फुटलेल्या काचांची आठवण ठेवून मेलेल्या माणसांना झाकणारे हे नाव मला आवडत नाही. अलीकडे जर्मन लोकही 'नोव्हेंबरमधील हत्याकांड' असे म्हणू लागले आहेत.

देशभरचे पुढारी त्या संध्याकाळी एका छताखाली होते, कारण तारीख ९ नोव्हेंबर होती. आणि त्यांच्या लेखी तिला महत्त्व होते, कारण ती १९२३ ची आणि तिच्यामागून १९१८ ची तारीख होती. एका वर्षाने दुसऱ्या वर्षाला जन्म दिला तो असा. या साखळीला आणखी एक कडी आहे, जी चौकटीत नव्हती. सोहळ्याची वेळ आणि जागा ठरलेली असते हे ओळखून गेओर्ग एल्सर नावाच्या एका सुताराने १९३९ साली तीसहून अधिक रात्री त्या सभागृहात लपून राहून भाषणाच्या जागेमागचा खांब पोखरला आणि त्यात घड्याळाचा बॉम्ब बसवला. ८ नोव्हेंबरच्या रात्री ९ वाजून २० मिनिटांनी तो ठरल्याप्रमाणे उडालाही. त्या रात्री धुक्यामुळे विमानाऐवजी रेल्वेने परतावे लागणार असल्याने हिटलर ९ वाजून ७ मिनिटांनीच निघून गेला होता. स्फोटात ८ जण मेले. आपल्या स्नेह्यांना योगायोगच हवा असेल, तर तो या १३ मिनिटांत आहे.

प्रश्न : कैसर विल्हेल्मने ९ नोव्हेंबर १९१८ रोजी पदत्याग केला, असे आपण छापले आहे. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. माझ्याकडील एका टिपणात पदत्यागाची तारीख २८ नोव्हेंबर आहे आणि त्याच टिपणात जर्मन प्रजासत्ताकाची घोषणा 'दोनदा झाली' असेही म्हटले आहे. यांतले खरे काय? (विद्यार्थिनी, नाशिक रोड)

उत्तर : आपले टिपण दोन्ही बाबतीत बरोबर आहे आणि आमच्या चौकटीतील वाक्य ढिले होते, ही चूक मी मान्य करतो. ९ तारखेला कैसर बर्लिनमध्ये नव्हताच. तो बेल्जियममधील श्पा येथील लष्करी मुख्यालयात सेनापतींशी घोळ घालत बसला होता. राजधानीत कामगार रस्त्यावर उतरलेले आणि सैनिक त्यांना मिळत चाललेले पाहून पंतप्रधान माक्स फॉन बाडेन यांनी दुपारच्या सुमारास, कैसरच्या होकाराची वाट न पाहता, त्याने पदत्याग केल्याचे परस्पर जाहीर केले आणि आपले पद समाजवादी पुढारी फ्रीडरिश एबर्ट यांच्याकडे सोपवले. कैसर दुसऱ्या दिवशी हॉलंडमध्ये पळाला आणि पदत्यागाच्या कागदावर त्याने सही केली ती २८ नोव्हेंबरला. परीक्षेत 'घोषणा' आणि 'सही' हे शब्द नीट वाचून उत्तर लिहावे.

दोन घोषणांची हकीकत अधिक रंजक आहे. दुपारी दोनच्या सुमारास एबर्ट यांचे पक्षसहकारी फिलिप शाइडमान संसदभवनाच्या उपाहारगृहात पातळ सूप पीत बसले होते. जहाल डावे पुढारी कार्ल लीबक्नेख्ट राजवाड्यावरून समाजवादी प्रजासत्ताक जाहीर करणार असल्याची बातमी कोणीतरी आणली, तेव्हा त्यांनी सूप तसेच टाकले आणि खिडकीतून गर्दीपुढे जर्मन प्रजासत्ताकाचा जयजयकार केला. एबर्ट त्यांच्यावर भयंकर चिडले, कारण देशाची राज्यपद्धती घटनासमितीने ठरवायची होती, खिडकीतल्या वक्त्याने नव्हे. साधारण दोन तासांनी लीबक्नेख्टनेही आपली घोषणा केलीच. पुढे टिकले ते शाइडमान यांचे प्रजासत्ताक. पण पूर्व जर्मनीने लीबक्नेख्टची आठवण इतकी जपली की, राजवाडा पाडला तरी त्याच्या घोषणेशी जोडलेले सज्जासह प्रवेशद्वार आपल्या नव्या सरकारी इमारतीत बसवून घेतले.

प्रश्न : बर्लिनची भिंत एका अधिकाऱ्याच्या तोंडून चुकून निघालेल्या वाक्यामुळे पडली, असे सगळीकडे सांगतात. एवढी मोठी घटना केवळ एका चुकीने घडू शकते का? (वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : चूक झाली हे खरे आहे, परंतु तिचा वाटा लोक समजतात तेवढा नाही. १९८९ साली कम्युनिस्ट पूर्व जर्मनीच्या सरकारने परदेशप्रवासाचे नवे, सैल नियम केले होते आणि ते १० नोव्हेंबरपासून, व्हिसासाठी रांगा लावून, शिस्तीत लागू व्हायचे होते. ग्युंटर शाबोव्स्की या प्रवक्त्याच्या हाती तो कागद पत्रकार परिषदेला निघताना पडला आणि नियम कधीपासून लागू होणार यावर झालेल्या चर्चेच्या वेळी तो हजर नव्हता. संध्याकाळी सातच्या सुमारास पत्रकारांनी 'केव्हापासून?' असे विचारल्यावर त्याने कागद चाळले, चष्मा सावरला आणि सांगितले की, त्याच्या माहितीप्रमाणे 'ताबडतोब, विनाविलंब'. हे सर्व दूरचित्रवाणीवर थेट दिसत होते. पुढच्या दोन तासांत पश्चिमेकडील बातम्यांनी सीमा उघडल्याचे सांगून टाकले आणि ते ऐकून हजारो माणसे भिंतीतील नाक्यांवर जमली. तेथील पहारेकऱ्यांना यातले काहीच कळवलेले नव्हते.

माझ्या मते त्या रात्रीचा खरा निर्णय शाबोव्स्कीचा नसून बोर्नहोल्मर रस्त्यावरील नाक्याचा अधिकारी हाराल्ड येगर याचा आहे. तो वरिष्ठांना पुन्हा पुन्हा दूरध्वनी करत राहिला. सर्वांत जास्त आरडाओरडा करणाऱ्यांना पारपत्रावर रद्दचा शिक्का मारून बाहेर सोडा, म्हणजे ते परत येऊ शकणार नाहीत, अशी युक्ती त्याला सुचवण्यात आली. पण ती अंगाशी येऊ लागली, आणि गर्दी इतकी वाढली की चेंगराचेंगरी किंवा गोळीबार यांवाचून तिसरा मार्ग दिसेना. शेवटी रात्री साडेअकराच्या सुमारास त्याने कोणाच्याही हुकमाशिवाय फाटक उघडले. १३ ऑगस्ट १९६१ पासून उभ्या असलेल्या, पश्चिम बर्लिनला सुमारे १५५ किलोमीटरचा वेढा घालणाऱ्या आणि किमान १४० माणसांचा जीव घेणाऱ्या भिंतीचे काम तेथे संपले.

ती पडणार होतीच, असे म्हणायला मात्र भक्कम आधार आहे. हंगेरीने सप्टेंबरमध्ये पूर्व जर्मनांसाठी आपली ऑस्ट्रियाकडील सीमा उघडली होती, ९ ऑक्टोबरला लाइपझिगमध्ये सुमारे ७०,००० लोक रस्त्यावर उतरले असताना पोलिसांनी हात उचलला नव्हता, आणि मॉस्कोत गोर्बाचेव्ह असल्यामुळे रशियन रणगाडे मदतीला येणार नव्हते. शाबोव्स्कीने कागद नीट वाचला असता, तर घटना १० नोव्हेंबरच्या खणात जाऊन पडली असती आणि पंचवटीच्या गुरुजींचा प्रश्न मुळात निघालाच नसता. चूक झाली ती तारखेपुरती.

प्रश्न : मग जर्मनीचा राष्ट्रीय दिन ९ नोव्हेंबर का नाही? (वाचक, सिडको)

उत्तर : १९३८ मुळे. ज्या तारखेला प्रार्थनास्थळे जाळली, त्याच तारखेला फटाके कसे उडवायचे, हा प्रश्न होता. म्हणून दोन्ही जर्मनी ज्या दिवशी एक झाले, तो ३ ऑक्टोबर (१९९०) राष्ट्रीय दिन ठरला. ९ नोव्हेंबरला तेथे आजही आधी १९३८ चे स्मरण होते आणि मग भिंतीचे.

प्रश्न : रशियन लेखक तुर्गेनेव्ह यांचा जन्म आपण ९ नोव्हेंबर १८१८ चा दिला आहे, परंतु माझ्याकडील जुन्या पुस्तकात तो २८ ऑक्टोबर आहे. तसेच नेपोलियनने सत्ता घेतली ती '१८ ब्रुमेर'ला, असे वाचले आहे. मग ९ नोव्हेंबर कोठून आला? (ग्रंथपाल, सिन्नर)

उत्तर : आपण तिथीने आणि तारखेने अशा दोन शिवजयंत्या पाहणारी माणसे, त्यामुळे हे उत्तर आपल्याला इतरांपेक्षा लवकर उमगेल. १५८२ साली पोप तेराव्या ग्रेगरीने जुन्या जुलियन कालगणनेतील साचलेली चूक काढण्यासाठी दहा दिवस गाळले आणि कॅथलिक देशांत ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. पोपचे ऐकायचे की नाही, या वादात इतर देश मागे राहिले. इंग्लंडने १७५२ साली बदल केला, तर रशियाने १९१८ साली, तोही क्रांतीनंतर. तुर्गेनेव्ह जन्मले तेव्हा रशिया १२ दिवस मागे होता. त्यांच्या घरच्यांसाठी तो २८ ऑक्टोबर, तर पॅरिससाठी ९ नोव्हेंबर होता. आपले पुस्तक आणि आमची चौकट, दोन्ही खरी आहेत. रशियाची 'ऑक्टोबर क्रांती' आपण ७ नोव्हेंबरला मोजतो, तीही याच हिशेबाने.

नेपोलियनची गोष्ट वेगळी. फ्रेंच क्रांतिकारकांनी महिन्यांची नावेच बदलली होती. प्रत्येक महिना ३० दिवसांचा, आठवडा दहा दिवसांचा, आणि ब्रुमेर म्हणजे धुक्याचा महिना. क्रांतीच्या आठव्या वर्षातील १८ ब्रुमेर म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९. त्या दिवशी कट सुरू झाला, पण खरी धक्काबुक्की आणि सैनिकांच्या संगिनी पुढे आल्या त्या दुसऱ्या दिवशी, सेंट क्लाऊड येथे. नेपोलियनने सम्राट झाल्यावर १ जानेवारी १८०६ पासून ती कालगणना रद्द केली. दहा दिवसांनी एकदा सुट्टी मिळणाऱ्या मजुरांना त्याचे दुःख झाले नसावे.

जुन्या तारखांबाबत आणखी एक सावधगिरी. फ्लॉरेन्सच्या लोकांनी तेथे सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याला हाकलले ती ९ नोव्हेंबर १४९४ ही तारीख जुन्या गणनेची आहे आणि आजच्या गणनेने तो १८ नोव्हेंबर येतो. आपली १९ फेब्रुवारी १६३० देखील जुन्या गणनेचीच आहे, नव्या गणनेने फाल्गुन वद्य तृतीयेचा तो दिवस १ मार्च ठरतो. तिथीवाल्या आणि तारीखवाल्या, दोन्ही मंडळींनी हे ध्यानात घ्यावे आणि मला पत्रे पाठवू नयेत.

प्रश्न : या तारखेला जन्मलेल्या माणसांविषयी चौकटीत केवळ नावे होती. त्यांपैकी कोणाचा आपल्याशी काही संबंध येतो का? आणि सिनेनटी हेडी लामारने वाय-फायचा शोध लावला हे खरे का? (गृहिणी, देवळाली)

उत्तर : आपल्याशी सर्वांत जवळचा संबंध सातव्या एडवर्डचा, जन्म १८४१. मुंबईचा 'काळा घोडा' ज्याच्यामुळे काळा घोडा झाला, तो घोड्यावरील पुतळा याच युवराजाचा. १९६५ साली तो हलवला आणि आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे, पण चौकाचे नाव काही हलले नाही. नाशिकपुरते सांगायचे, तर २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा गादीवर हाच राजा होता. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली, आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ६ मे रोजी, एडवर्डही वारला.

हेडी लामार १९१४ साली व्हिएन्नात ज्यू वंशाच्या आईवडिलांपोटी जन्मली. तिने वाय-फायचा शोध लावला नाही. संगीतकार जॉर्ज अँथाइल याच्यासोबत तिने पाणतीर रेडिओने चालवताना शत्रूला अडथळा आणता येऊ नये म्हणून संदेशाची कंप्रता सतत उड्या मारत बदलण्याची पद्धत सुचवली आणि ११ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना तिचे पेटंट मिळाले. नौदलाने युद्धात ती वापरली नाही. हीच कल्पना इतरांनीही आधी व नंतर मांडली आहे, आणि आज ब्लूटूथमध्ये तिचे एक रूप वापरात आहे. एका नटीच्या खात्यावर एवढे श्रेय पुरेसे आहे, मोबाईलवरच्या संदेशांनी ते फुगवण्याची गरज नाही.

एका नावाला मात्र चौकटीत न्याय मिळाला नाही. हंगेरियन लेखक इम्रे कर्तेस बुडापेस्टमध्ये ९ नोव्हेंबर १९२९ रोजी जन्मले. जर्मनीत प्रार्थनास्थळे जळाली त्या दिवशी त्यांचा नववा वाढदिवस होता. चौदाव्या वर्षी, १९४४ साली, त्यांना आउशवित्झच्या आणि तेथून बूखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत नेण्यात आले, आणि ते जिवंत परतले. बर्लिनची भिंत उघडली त्या रात्री त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली होती, म्हणजे आपल्या भाषेत षष्ट्यब्दी. २००२ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मन लोक ९ नोव्हेंबरला 'नियतीचा दिवस' म्हणतात. त्या दिवशी जन्मलेल्या कर्तेस यांनी छावणीतून परतलेल्या मुलावर जी कादंबरी लिहिली, तिच्या हंगेरियन नावाचा अर्थ 'नियती नसणे' असा होतो. नियती असेल तर स्वातंत्र्य संभवत नाही, आणि स्वातंत्र्य असेल तर नियती उरत नाही, असे तो मुलगा शेवटी घरी आल्यावर शेजारच्या म्हाताऱ्यांना सांगू पाहतो, आणि ते त्याच्यावर रागावतात.